ब्रह्मदेशी साग : नाव आणि पारख

श्रोतेहो, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे यवत बहुतेकांना ठाऊक आहे ते तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे आणि तिथल्या पिठलं-भाकरीमुळे. या कोरड्या मुलखातले घरचे लाकूड म्हणजे बाभूळ. गाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा, आरेही बाभळीचे. झाड बांधावरचे, सुतार गावातला. तेव्हा लाकूड कसले, असे विचारायची वेळच येत नसे. ते उभे असल्यापासून सगळ्यांच्या ओळखीचे!

लाकूड लांबून येऊ लागले आणि पारखीचा प्रश्न निघाला. १७३० साली शनिवारवाड्याचे काम सुरू झाले, तेव्हा साग जुन्नरच्या रानातून आला, चुना जेजुरीहून आणि दगड चिंचवडहून. म्हणजे सगळे चार-दोन मुक्कामांवरचे. पुढे मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाची जहाजे बांधली. त्यांतले १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. असा हा टिकाऊ साग! पण जहाजे वाढली, मग रेल्वे आली, आणि व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे गेली.

१८६३ साली ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी निघाली. १८८५ साली थिबा राजाच्या दरबाराने तिच्यावर ठपका ठेवला, की ओंडके नेले जास्त आणि दाखवले कमी. जबर दंड ठोठावला. इंग्रजांना तेवढे निमित्त पुरे झाले. त्यांनी राज्य खालसा केले आणि राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. तिथेच १९१६ साली तो वारला. ओंडक्यांच्या मोजदादीवरून राज्य गेले, म्हणा ना!

राजा गेला, पण ‘बर्मा साग’ हे नाव बाजारात राहिले. आता गंमत अशी, की १ एप्रिल २०१४ पासून त्या देशाने अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. तरी दाराची चौकट करायची म्हटली, की वखारीत पहिले नाव तेच कानी पडते. आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा सागही येतो. तो सागच, खोटा नव्हे. मात्र कोवळा असला तर वर्तुळे रुंद आणि बाहेरचे पांढुरके लाकूड जास्त. जात लाकडावरून कळते. मुलूख मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून मुलखाच्या नावाचे पैसे मोजण्याआधी कागद मागावा.

जात कशी ओळखावी? रंगावर जाऊ नये, रंग चढवता येतो. ओंडक्याचे किंवा फळीचे टोक धारदार चाकूने साफ तासावे, थोडे ओले करावे आणि भिंगातून पाहावे. सागात दर वर्तुळाच्या आरंभी मोठी छिद्रे ओळीने दिसतात. ‘आफ्रिकन साग’ म्हणून जे इरोको विकतात, त्यात छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात. ताजा साग हाताला किंचित तेलकट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास देतो. बिबळ्याची पारख आणखी सोपी. भुसा पेलाभर पाण्यात टाकून उजेडात धरावा; पाण्यावर निळसर झाक उमटते. शिसव जड, काळसर-जांभळ्या रेघांची. तिची सारी जातकुळी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियमांखाली आहे. तेव्हा परदेशी शिसवीला नुसती पावती पुरत नाही, परवानाही लागतो.

एवढे करून शंका राहिलीच, तर डेहराडूनची वन संशोधन संस्था आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे आणि तुकडा तपासून जात सांगण्याची सोयही.

दार एकदाच बसते, मंडळी, आणि त्यातून दोन-तीन पिढ्या ये-जा करतात. पूर्वी झाड ओळखीचे होते, आता नुसते नाव ओळखीचे आहे. म्हणून बयाणा देण्याआधी चाकू चालवून पाहावा. जो वखारवाला त्याला हरकत घेईल, त्याच्या लाकडाची पारख तिथेच झाली असे समजावे.