हाडासाठी घडलेलं भांडं

प्रेशर कुकरचा वंश मागे शोधत गेलं की आपण 1679 सालच्या लंडनला पोचतो. देनी पापँ हा फ्रेंच डॉक्टर. पॅरिसमध्ये हायगेन्सच्या आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉईलच्या हाताखाली राबलेला, प्रोटेस्टंट असल्यानं मायदेशी थारा नसलेला. त्यानं रॉयल सोसायटीपुढे जाड धातूचं, झाकण स्क्रूनं आवळायचं एक भांडं मांडलं. दोन वर्षांनी त्यावर पुस्तक काढलं आणि पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं की हे हाडं मऊ करायचं यंत्र आहे. डाळतांदळाचा त्यात संबंध नव्हता. खाटकाकडे उरणारं, कुत्र्यापुढे टाकलं जाणारं हाड आणि म्हाताऱ्या जनावराचं चिवट मांस माणसाच्या पोटात घालायचं, तेही थोड्या कोळशात, हा त्याचा खटाटोप.

1682च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांनी याच भांड्यातलं जेवण केलं. जॉन इव्हलिन त्या पंगतीला होता आणि रोजनिशी लिहिण्याची त्याला सवय होती, म्हणून आपल्याला तपशील कळतो. बैलाची आणि मेंढीची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती, रस भरपूर सुटला होता आणि कोळसा लागला होता आठ औंसांपेक्षा कमी, म्हणजे पाव किलोच्या आत. आज सिलिंडर किती दिवस पुरला याचा हिशेब घालणाऱ्या कुठल्याही बाईला इव्हलिनची ही नोंद लगेच पटेल.

भांडं फुटू नये म्हणून पापँनं झाकणावर वजन लटकवलेली झडप बसवली. वाफ ते वजन उचलते हे बघता बघता तो पुढच्या विचाराला लागला आणि 1690मध्ये त्यानं वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची कल्पना छापली. इथे घराण्याच्या दोन शाखा झाल्या. एक इंजिनांकडून वीजघरांकडे गेली, दुसरी स्वयंपाकघराकडे. मौद्यात या दोन्ही शाखा एकाच गावशिवारात नांदतात. नागपूरहून भंडारा रस्त्यानं पूर्वेला निघालं की कन्हानच्या काठी मौदा लागतं, आणि तिथलं एनटीपीसीचं औष्णिक केंद्र 2320 मेगावॉटचं आहे. त्यातल्या 660 मेगावॉटच्या दोन संचांत वाफेचा दाब 221 बारच्या वर असतो, म्हणजे घरच्या कुकरच्या शंभर पटींहून जास्त. पण आपला विषय धाकट्या शाखेचा.

ही धाकटी शाखा बराच काळ स्वयंपाकघराबाहेरच राहिली. 1879मध्ये चार्ल्स शांबरलाँनं तिच्यापासून जंतू मारायचा ऑटोक्लेव्ह बनवला. घरात वापरता येईल असा सुटसुटीत कुकर अमेरिकेत 1938-39च्या सुमारास बाजारात आला. मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी 1959मध्ये हॉकिन्सची सुरुवात केली. दक्षिणेत टीटीकेचा प्रेस्टिज त्याच सुमारास उभा राहिला. आणि इथे आल्यावर भांड्यानं जात बदलली म्हणा ना. हाडं मऊ करायला घडवलेल्या यंत्रात आपण डब्यावर डबा रचून खाली डाळ, वर तांदूळ लावले. जाहिरातीत दिसली ती वरणभाताची, ऑफिसला जाणाऱ्या नवऱ्याची आणि वेळ वाचलेल्या गृहिणीची गोष्ट. बड्याच्या, म्हणजे गाय-बैल-म्हशीच्या, मांसाला त्या चित्रात जागा मिळणं शक्यच नव्हतं.

कुकरची सगळ्यात जास्त गरज होती ती मात्र बड्यालाच. कोवळं बकरं साध्या गंजातही शिजतं. बड्याचं मांस चिवट, आणि या चिवटपणाला निसर्गाइतकाच कायदाही कारणीभूत आहे. महाराष्ट्रात गायीची कत्तल 1976च्या कायद्यानं बंद झाली. बैल-वळू कापायला प्रमाणपत्र लागे, आणि जनावर कामाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचं असेल तर ते मिळत नसे. मार्च 2015पासून बैल आणि वळूही बंदीखाली आले. 2016मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली. राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं तेवढं गुन्ह्यातून काढलं. म्हणजे आता बडं म्हणून कायद्यानं विकलं जातं ते म्हैसवर्गाचं. म्हशीलाही तीच अट: दूध, वीण, काम सगळं संपलेलं असलं पाहिजे. थोडक्यात, इथल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला कोवळं जनावर येऊ नये अशीच व्यवस्था आहे. पूर्व विदर्भ धानाचा. चिखलात नांगर ओढून झिजलेल्या हल्याची मान आणि पिंढरी कशी असेल, ते सांगायला नको.

जनावर जितकं राबलेलं आणि वयस्क, तितके त्याच्या स्नायूंना बांधणारे कोलॅजनचे धागे पक्के, एकमेकांत गुंतलेले. मांस तापलं की साठ-पासष्ट अंशांना आधी ते आकसतं आणि आणखीच कडक होतं. नवखा माणूस इथेच हात टेकतो. त्यापुढे तास-दोन तास ओली उष्णता मिळत राहिली तर कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रस्सा बोटाला चिकटायला लागतो तो यामुळे. उघड्या गंजात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. कुकरमध्ये वातावरणाच्या दाबावर जवळपास तेवढाच आणखी दाब चढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं. वीस अंशांचाच फरक, पण तीन तासांचं काम पाऊण तासावर येतं.

कुकर येण्याआधी हे तीन तास चुलीवरच जायचे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या गोळा करून आणलेल्या, त्यामुळे सरपणाला पैसे पडत नसत. पडायचा तो बाईचा दिवस. कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवणं हा जुना उपाय. त्यातलं पपेन मांस सैल करतं, पण खरं काम गंज तापत असताना साठ-सत्तर अंशांच्या टप्प्यात उरकतं आणि उकळी फुटली की निकामी होतं. जास्त पपई घातली तर मांसाचा वरून लगदा आणि आत दोर. ज्यांच्या वाट्याला मांस एकदम आणि क्वचित यायचं, त्यांनी ते पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवलं. मराठवाड्यात त्याला चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या दलित स्वयंपाकाची दखल घेतली, तीही 2015 साली, म्हणजे कुकरला महाराष्ट्रात पन्नासहून जास्त वर्षं होऊन गेल्यावर. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांनी कोणाकडे पाठ फिरवली होती, ते यावरून दिसतं.

चुलीची जागा गॅसनं घेतली आणि हिशेब उलटा झाला. विकतच्या आगीवर तीन तास मांस शिजवत बसणं परवडत नाही. स्वस्त मांस महाग इंधनात शिजवायचं तर कुकरच हवा, आणि अशा रीतीनं पापँचं भांडं त्याच्या मूळ कामावर परत रुजू झालं.

मात्र नुसतं झाकण लावून हे जमत नाही. बंद कुकरमध्ये सगळं ओलं असतं, तिथे काही भाजलं जात नाही; खमंगपणाला 140 अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते. म्हणून खोबरं, खसखस, कांदा आधी भाजून वाटायचं, तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, त्यात मांस परतायचं आणि मगच पाणी घालून झाकण लावायचं. तर्री येते ती याच परतण्यातून. दुसरी गोष्ट शिट्ट्यांची. आपल्याकडे सगळा स्वयंपाक शिट्ट्या मोजून चालतो, पण बड्याला शिट्ट्यांचं गणित लागू पडत नाही. दाब चढला की आंच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. शिजल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई करणाऱ्याला कोरडे तुकडे मिळतात, कारण दाब एकदम उतरला की मांसातलं पाणीही उकळून बाहेर पडतं. कुकर आपोआप निवू द्यावा, मग उघडून रस्सा आटवावा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरावा. आणि मांस घेताना रानाचा गुळगुळीत, चरबी नसलेला तुकडा बघून भुलू नये. त्यात विरघळायला फारसं काही नसतं. कुकरमध्ये त्याची सुतळी होते. मान, पिंढरी, गुडघ्याजवळचा भाग इथे बाजी मारतात.

उरल्या नळ्या. पापँच्या कल्पनेवर भरवसा ठेवून एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या दवाखान्यांत गरिबांना हाडांच्या जिलेटिनचं सूप पाजलं गेलं. दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाचं ते तंत्र. स्वस्तात पोट भरल्याचं समाधान सरकारला होतं, पण शरीरशास्त्रज्ञ माजँदीच्या समितीनं कुत्र्यांना नुसत्या जिलेटिनवर ठेवून पाहिलं आणि 1841मध्ये सांगितलं की त्यावर प्राणी जगत नाही. शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये नसतंच, हे कळायला पुढे आणखी काळ जावा लागला. दार्सेचा घोटाळा हाडात नव्हता, नुसत्या जिलेटिनवर विसंबण्यात होता. नळीचा रस्सा विदर्भात कोणी नुसता पीत बसत नाही. तो भातावर ओततात, सोबत मांसाचे दोन तुकडे असतात, नाहीतर वाटीभर तुरीचं वरण.