'ध'चा 'मा' नक्की कुणी केला?

गेल्या शनिवारी दिल्लीहून मित्र आला होता. त्याला शनिवारवाडा दाखवायला नेलं. "काका, मला वाचवा"ची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी सवयीने म्हणालो, "चिठ्ठीत आनंदीबाईंनी ध चा मा केला." त्याने शांतपणे विचारलं, "पुरावा?"

च्यायला! ऑफिसात ऊठसूट 'आधी लॉग दाखव' म्हणणारा मी, इथे गप्प.

घरी येऊन पुस्तकं काढली. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना वाड्यातच मारलं. वय जेमतेम १८. गादीवर आले काका रघुनाथराव. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि नव्या पेशव्यालाच दोषी ठरवलं. प्रायश्चित्त काय, तर देहान्त! एवढं सांगून शास्त्रीबुवा नोकरीवर पाणी सोडून पुण्याबाहेर पडले.

आता चिठ्ठी. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी आलेला. त्यात 'धरावे'चं 'मारावे' झाल्याची हकीकत आहे. पण आनंदीबाईंचं नाव तिथेही येतं ते लोकांची समजूत म्हणून. बाईंना बदल करताना पाहिलेला साक्षीदार त्यात नाही.

गंमत म्हणजे रामशास्त्र्यांची बाणेदार कथाही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे आवडती गोष्ट डोळे मिटून घ्यायची आणि नावडतीला पुरावा मागायचा, हेही बरोबर नाही. दोन्हींना एकच माप.

पण एक प्रश्न मला सोडत नाही. ध चा मा च्या गोष्टीचा फायदा कुणाला? रघुनाथरावांना! "मी फक्त धरायला सांगितलं होतं." अर्धा गुन्हा कबूल, उरलेला बायकोच्या नावावर. आणि आपण अडीचशे वर्षं ती गोष्ट चवीने सांगतोय, अगदी वाक्प्रचार होईपर्यंत.

तो अर्धा कबुलीजबाब काही फार टिकला नाही. कारभाऱ्यांनी बारभाईंची आघाडी केली. १८ एप्रिल १७७४ ला नारायणरावांना मुलगा झाला आणि तोच पेशवा ठरला. रघुनाथराव इंग्रजांच्या दारी गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. रामशास्त्री मात्र पुन्हा सन्मानाने न्यायासनावर बसले.

म्हणून खरं बोलणं नेहमी फायद्याचं? छे. शास्त्रीबुवा पुणे सोडून निघाले तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना कुठे ठाऊक होतं? रघुनाथरावच टिकले असते तर? तरीही निकाल तोच खरा असता.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट टोचतेय. एकदा प्रॉडक्शनमध्ये मोठा बग निघाला. बदल माझाही होता. मीटिंगमध्ये मी म्हणालो, "तो मॉड्यूल तर त्याचा होता," आणि कंपनी सोडून गेलेल्या मित्राचं नाव घेतलं. कुणी काही विचारलं नाही. वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरंही होतं. पण उत्तर द्यायला जो समोर नाही, त्याच्या डोक्यावर आपलं खापर फोडलं, तो ध चा मा च की!

काल त्याला फोन करून सांगितलं. तो हसला. मला मात्र हसू आलं नाही.

असो. पुढच्या वेळी शनिवारवाड्यात कुणाला नेलं, तर गोष्ट 'असं म्हणतात' ने सुरू करीन.