आंतरराष्ट्रीय व्यवसायातील चलन जोखीम आणि हवाई वाहतुकीचा विकास (१९४४ ते १९८६) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या व्यवसायांनी जगातील देशांना एकमेकांच्या जवळ आणले, त्यांत हवाई वाहतुकीचे स्थान अग्रक्रमाचे आहे. विमान कंपनीची तिकिटे अनेक देशांत व अनेक चलनांत विकली जातात. मात्र विमानांची किंमत, सुटे भाग, इंधन आणि भाडेपट्टा यांचे देणे बहुतांशी अमेरिकन डॉलरशी निगडित असते. मिळकत एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात, या विसंगतीमुळे विनिमय दरातील बदलातून जो तोटा संभवतो, त्यास चलन जोखीम असे म्हणतात. हवाई वाहतुकीच्या इतिहासात विमानांचे तंत्रज्ञान व प्रवाशांची वाढती संख्या यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तुलनेने चलनाच्या बाजूकडे कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या बाजूचा विचार करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) स्थिर विनिमय दरांच्या काळातील हवाई वाहतुकीच्या वाढीचा आढावा घेणे.
२) १९७१ नंतर चलन जोखमीचे स्वरूप कसे बदलले, ते स्पष्ट करणे.
३) लेकर एअरवेज व लुफ्तान्सा या दोन कंपन्यांच्या अनुभवांचा तौलनिक अभ्यास करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहिती दुय्यम साधनांवर आधारित आहे.

स्थिर दरांचा कालखंड :

आधुनिक चलनव्यवस्था आणि आधुनिक हवाई वाहतूक व्यवस्था या दोहोंचा पाया १९४४ या एकाच वर्षी अमेरिकेत घातला गेला. जुलै महिन्यात ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांच्या परिषदेत स्थिर विनिमय दरांची व्यवस्था ठरली. डॉलरचे मूल्य एका औंस सोन्यास ३५ डॉलर याप्रमाणे बांधलेले होते व इतर चलने डॉलरशी जोडली गेली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. एप्रिल १९४५ मध्ये हवाना येथे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या संघटनेच्या बैठकांत प्रवासभाडे ठरविताना डॉलर व पौंड ही चलने आधारभूत मानली जात. दर स्थिर असल्यामुळे एका चलनातील भाडे दुसऱ्या चलनात सांगणे हे साधे गणित होते.

तथापि स्थिर दर म्हणजे जोखमीचा अभाव नव्हे. या काळात जोखीम दररोज जाणवत नसे. पण अवमूल्यनाच्या रूपाने ती अचानक समोर येई. भारताचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. हे विमान अमेरिकन बनावटीचे होते. पुढे सव्वा वर्षातच, सप्टेंबर १९४९ मध्ये, पौंडापाठोपाठ रुपयाचेही डॉलरच्या तुलनेत सुमारे ३०.५ टक्के अवमूल्यन झाले. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. याचा अर्थ असा की, १० लाख डॉलरच्या देण्यासाठी आदल्या दिवशी ४७.६ लाख रुपये पुरत असतील, तर दुसऱ्या दिवशी ७५ लाख रुपये लागत. देण्यातील ही वाढ सुमारे ५७.५ टक्के होय. उलटपक्षी, परदेशात डॉलरमध्ये विकलेल्या तिकिटाचे रुपयांतील मूल्यही त्याच प्रमाणात वाढे. म्हणजेच अवमूल्यनाचा परिणाम कंपनीची मिळकत कोणत्या चलनात आहे, यावर अवलंबून होता.

१९७१ नंतरचे परिवर्तन :

जानेवारी १९७० मध्ये पॅन ॲमने बोइंग ७४७ हे प्रचंड विमान न्यूयॉर्क-लंडन मार्गावर सुरू केले. एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले ७४७ मुंबईत दाखल झाले. विमाने मोठी झाली, तसे त्यांसाठीचे कर्जही मोठे झाले. नेमक्या याच टप्प्यावर, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले. मार्च १९७३ पर्यंत प्रमुख चलनांचे दर तरते झाले. परिणामी जी जोखीम पूर्वी काही वर्षांतून एकदा येई, ती दररोजची झाली. प्रवासभाड्यांचे गणितही बिघडले. भाडे जोडण्यासाठी विमान कंपन्यांना काल्पनिक एककाचा आधार घ्यावा लागला आणि १९८९ मध्ये त्याजागी नवे तटस्थ एकक आले.

लेकर एअरवेजचा अनुभव :

सर फ्रेडी लेकर यांनी २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडन (गॅटविक) ते न्यूयॉर्क अशी ‘स्कायट्रेन’ सेवा सुरू केली. लंडनहून एका बाजूचे भाडे अवघे ५९ पौंड होते. सामान्य माणसाला अटलांटिक महासागर ओलांडणे त्यामुळे शक्य झाले. सेवेचा विस्तार करण्यासाठी कंपनीने डीसी-१० विमाने घेतली, त्यांसाठीचे कर्ज डॉलरमध्ये होते. मिळकतीचा मोठा भाग मात्र ब्रिटिश प्रवाशांकडून पौंडात येत असे.

१९८० च्या अखेरीस एका पौंडास सुमारे २.४० डॉलर मिळत. १९८२ च्या फेब्रुवारीत हा दर १.८५ डॉलरच्या आसपास आला. त्यामुळे डॉलरमधील तेच कर्ज फेडण्यासाठी सुमारे ३० टक्के अधिक पौंड लागू लागले. पौंड घसरल्याने ब्रिटिश प्रवाशांना अमेरिकेतील मुक्काम महाग झाला व मागणीही घटली. म्हणजे ज्या कारणाने देणे वाढले, त्याच कारणाने मिळकत कमी झाली. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बंद पडली. आर्थिक मंदी, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी केलेली भाडेकपात आणि १९७९ मधील डीसी-१० विमानांवरील तात्पुरती बंदी हीदेखील या अपयशाची कारणे होत. तरीही चलनातील विसंगतीमुळे हे सर्व आघात सोसण्याची कंपनीची शक्ती क्षीण झाली होती, हे नाकारता येत नाही.

लुफ्तान्साचा अनुभव :

जानेवारी १९८५ मध्ये लुफ्तान्साने २० बोइंग ७३७ विमाने ५० कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले. रक्कम एका वर्षाने द्यावयाची होती. त्या वेळी डॉलरचा दर सुमारे ३.२ मार्क होता. डॉलर उतरेल असे कंपनीचे प्रमुख हाइन्झ रुहनाऊ यांचे मत होते. तथापि अंदाज चुकल्यास देणे वाढू नये, म्हणून त्यांनी निम्म्या रकमेसाठी ३.२ मार्क दराने वायदा करार केला आणि उर्वरित रक्कम खुली ठेवली. सप्टेंबर १९८५ मधील प्लाझा करारानंतर डॉलरची घसरण वेगाने झाली व जानेवारी १९८६ मध्ये दर सुमारे २.३ मार्क झाला. खुल्या निम्म्या रकमेसाठी ५७.५ कोटी आणि करारातील रकमेसाठी ८० कोटी, असे एकूण १३७.५ कोटी मार्क द्यावे लागले. करार केलाच नसता तर ११५ कोटी मार्क पुरले असते. या २२.५ कोटी मार्कांच्या फरकावरून रुहनाऊ यांच्यावर टीका झाली. परंतु डॉलर वाढून ४ मार्क झाला असता, तर याच कराराने कंपनीचे २० कोटी मार्क वाचविले असते. वायदा करारातून निश्चितता मिळते, नफ्याची हमी नव्हे. त्यामुळे त्याचे मूल्यमापन केवळ नंतरच्या दरावरून करणे योग्य ठरत नाही.

निष्कर्ष :

१) स्थिर विनिमय दरांनी हवाई वाहतुकीच्या आरंभीच्या वाढीस आधार दिला, मात्र जोखीम नष्ट केली नाही.
२) मोठ्या विमानांसाठीची मोठी कर्जे आणि तरते दर यांचा काळ जवळजवळ एकच असल्याने १९७१ नंतर चलन जोखीम या व्यवसायाचा अविभाज्य भाग बनली.
३) लेकरच्या बाबतीत मिळकत व देणे यांच्या चलनांत मेळ नव्हता. लुफ्तान्साने जोखीम ओळखली होती. तरी भविष्यातील दराचा अचूक अंदाज करणे तिलाही शक्य झाले नाही. म्हणून अंदाजापेक्षा मिळकत व देणे यांचा मेळ घालणे हाच अधिक खात्रीचा उपाय होय.

भारताच्या दृष्टीने हा इतिहास महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांच्या खरेदीची घोषणा केली. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलरचा दर प्रथमच ८५ रुपयांच्या पुढे गेला. देशांतर्गत प्रवासी तिकिटाचे पैसे रुपयांत देतो आणि विमानाचे देणे डॉलरमध्ये फेडावे लागते. स्वस्त विमानप्रवास टिकवावयाचा असेल, तर भाड्याच्या स्पर्धेइतकेच या विसंगतीकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.