सार्वजनिक सभा, पुणे

सनदशीर मार्गाने राज्यकारभारात सुधारणा मागणारी महाराष्ट्रातील एक आद्य राजकीय संस्था. पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयीच्या तक्रारींतून तिची कल्पना निघाली आणि २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या सरकारच्या संभाव्य प्रश्नाला सभेचे उत्तर दप्तरातच तयार होते. कारण तिच्या ९५ सभासदांच्या हाती सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे होती. सभेला मात्र कायदेमंडळाची पायरीही मोकळी नव्हती, म्हणून अर्ज हेच तिचे शस्त्र ठरले, आणि १८७५ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी घ्यावेत असा अर्जही तिने धाडला.

या शस्त्राची मर्यादा शिरूर आणि भीमथडी (आजचा दौंड तालुका त्यात मोडे) या तालुक्यांत उघड झाली. अमेरिकेतील यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव उतरला, त्याच सुमारास फेरपाहणीने जमिनीचा सारा वाढला, आणि या दुहेरी ओढीत रयत सावकाराच्या खतपत्रांत गुंतत गेली. सभेच्या समितीने १८७३ च्या अहवालात शेतकऱ्यांची हलाखी मांडली खरी, परंतु शिरूर तालुक्यातील कर्डे गावी, काळूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडले तेव्हा, गावाने अहवालाची वाट न पाहता सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणक्या कोणीही त्यांच्या दारी जाईना. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव उसळला व कर्जरोखे जाळले गेले.

त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागील व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने दिला. रानडे ज्याचे प्राण होते त्या सभेच्या त्रैमासिकात (१८७८ पासून) अशा प्रश्नांची जी आकडेवारीनिशी चिकित्सा झाली, तीच सभेची खरी कमाई होय.

१८९५ साली सभा टिळकपक्षाच्या हाती गेली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी पुढील वर्षी डेक्कन सभा काढली. दुष्काळात साऱ्याच्या सुटीचे नियम रयतेला समजावून सांगणाऱ्या मूळ सभेची मान्यता सरकारने १८९७ मध्ये काढून घेतली.