शाळेची कीर्ती आणि घराची निवड : अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कूलचा सामाजिक इतिहास

महाराष्ट्रात शाळा आणि निवासस्थान यांचे नाते दीर्घकाळ विद्यार्थ्याच्या स्थलांतराने जोडले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून वा देशावरील लहान गावांतून पुण्यास येणारा मुलगा आप्तांकडे राही, वार लावून जेवी किंवा माधुकरी मागून शिके. घरदार मात्र गावीच असे. १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची कीर्ती ऐकून आलेला विद्यार्थी कोणत्या पेठेत उतरला आहे, यावर त्याचा प्रवेश अवलंबून नव्हता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच्या नेमकी उलट व्यवस्था विकसित झाली. तेथे सार्वजनिक हायस्कूल विनामूल्य आहे. परंतु त्यात प्रवेश मिळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्या शाळेच्या हद्दीत बिऱ्हाड करणे. त्यामुळे घर घेताना शाळेची कीर्ती तोलून पाहणे हा तेथील मध्यमवर्गीय कुटुंबाचा जणू कुळाचारच होऊन बसला. ही कीर्ती कशी घडली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. भारतात ‘पब्लिक स्कूल’ ही संज्ञा खासगी शाळांसाठी रूढ असल्याने, येथे ‘सार्वजनिक’ हा शब्द शासकीय करांवर चालणाऱ्या शाळांसाठीच योजिला आहे, हे ध्यानात घ्यावे.

१. करातून उभे राहिलेले हायस्कूल

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली बोस्टन येथे सुरू झाले. मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८२७ साली कायदा करून पाचशे वा अधिक कुटुंबांच्या गावांवर अशा शिक्षणाची सोय करण्याचे बंधन घातले. तथापि, प्राथमिक शाळेपलीकडच्या शिक्षणासाठी सर्व रहिवाशांकडून कर घ्यावा काय, हा वाद दीर्घकाळ चालू राहिला. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलामाझू येथील खटल्यात हायस्कूलसाठी कर आकारणे वैध ठरविले आणि अन्य संस्थानांनाही या निर्णयाचा आधार मिळाला. त्यानंतर हायस्कूलचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. १९१० च्या सुमारास योग्य वयाच्या तरुणांपैकी अवघे नऊ टक्के हायस्कूल उत्तीर्ण होत. १९४० पर्यंत हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

या यशाचा पाया स्थानिक होता. शाळेचा खर्च प्रामुख्याने घरे आणि जमिनी यांवरील मालमत्ता करातून भागे व कारभार निर्वाचित स्थानिक मंडळाकडे असे. १९४० च्या सुमारास देशात एक लाख सतरा हजारांवर शालेय जिल्हे होते. पुढे एकत्रीकरण होऊन १९७० पर्यंत ही संख्या सुमारे अठरा हजारांवर आली आणि आज ती तेरा हजारांच्या आसपास आहे. आपली शाळा, आपला कर, आपले मंडळ, ही भावना लोकशाहीची एक सुंदर अभिव्यक्ती होती, यात शंका नाही. परंतु ‘आपले’ कोण, हे ठरविणारी रेषाही याच व्यवस्थेत अंतर्भूत होती.

२. हद्दीची जडणघडण

ही रेषा केवळ भौगोलिक राहिली नाही, याचे कारण गृहनिर्माणाच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना, आणि काही ठिकाणी ज्यू व आशियाई लोकांनाही, घर न विकण्याच्या अटी घातल्या जात. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या शासकीय संस्थेने गहाणकर्जांना हमी देण्यास प्रारंभ केला आणि लक्षावधी कुटुंबांना घर घेणे सुलभ झाले. मात्र कोणत्या वस्तीतील कर्ज सुरक्षित मानावे, याचे निकष वर्णभेदाने ग्रासलेले होते. या संस्थेच्या १९३६ च्या मूल्यांकन-पुस्तिकेत शाळेचा स्वतंत्र विचार आढळतो. एखाद्या वस्तीतील मुलांना ज्या शाळेत जावे लागते तेथे खालच्या सामाजिक स्तरातील वा ‘विसंगत’ वंशाची मुले बहुसंख्य असतील, तर ती वस्ती कमी स्थिर व कमी इष्ट समजावी, असा तिचा आशय होता. शाळेची कीर्ती आणि घराची किंमत यांची सांगड पालकांच्या मनात आपोआप पडली, असे मानण्याची प्रवृत्ती असते. वस्तुतः ती शासकीय कागदावर, शासकीय हमीच्या अटींतून पडली होती. पुस्तिकेतील निकष मुलांचे वर्ण व वर्ग तपासणारा होता. शाळेत काय व कसे शिकविले जाते, याची तो विचारणा करीत नव्हता.

१९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात खरेदीखतांतील वर्णभेदी अटींची न्यायालयांकरवी अंमलबजावणी घटनाबाह्य ठरली, आणि १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभावास मनाई केली. परंतु दरम्यानच्या दोन दशकांत महायुद्धोत्तर उपनगरे वसून गेली होती व त्यांची हायस्कुले नावारूपास आली होती.

३. न्यायालयासमोर हद्द

१९५४ च्या ब्राउन निर्णयाने शाळांतील कायदेशीर वर्णविभाजन संपविले. त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो हद्दींचा. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय निर्णायक ठरले. दोन्ही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने झाले.

पहिला, १९७३ चा, टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराच्या परिसराविषयी होता. एजवूड या मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या वस्तीत दर शंभर डॉलर मूल्यावर १.०५ डॉलर इतका चढा कर देऊनही स्थानिक उत्पन्न प्रतिविद्यार्थी २६ डॉलर इतकेच होई. जवळच्याच सधन अ‍ॅलामो हाइट्समध्ये ८५ सेंट इतक्या कमी दराने ३३३ डॉलर जमत. संस्थानाचे व केंद्राचे अनुदान मिळवूनही १९६७-६८ मध्ये एजवूडचा प्रतिविद्यार्थी खर्च ३५६, तर अ‍ॅलामो हाइट्सचा ५९४ डॉलर होता. गरीब वस्ती अधिक दराने कर भरून कमी शिक्षण विकत घेत होती. तरीही शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे सांगून न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला.

दुसरा निर्णय १९७४ सालचा, डेट्रॉइट शहराविषयीचा. शहरातील शाळांत विद्यार्थी बहुसंख्येने कृष्णवर्णीय असल्याने केवळ शहरापुरती एकीकरण-योजना निष्फळ ठरेल, हे ओळखून कनिष्ठ न्यायालयाने भोवतालचे ५३ उपनगरीय जिल्हे तीत समाविष्ट केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असा त्याचा इत्यर्थ होता. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी कठोर शब्दांत मतभेद नोंदविला. या दोन निर्णयांचा एकत्रित परिणाम असा झाला की, शहर सोडून उपनगरात जाणाऱ्या कुटुंबास आपण निवडलेल्या शाळेची आर्थिक व सामाजिक जडणघडण टिकून राहील, याची जवळजवळ हमी मिळाली.

४. कीर्तीचे मोजमाप

याच काळात विद्वज्जनांनीही या निवडीस सिद्धान्ताचे रूप दिले. १९५६ साली चार्ल्स टीबू या अर्थशास्त्रज्ञाने मांडले की, नागरिक आपल्या पसंतीचे कर व सेवा असलेल्या गावी जाऊन राहतात. जणू ते पावलांनी मतदान करतात. वॉलेस ओट्स यांनी १९६९ साली न्यू जर्सीतील ५३ नगरांचा अभ्यास करून शाळांवरील खर्च घरांच्या किमतीत उतरतो, असे दाखविले. १९९९ साली सँड्रा ब्लॅक यांनी बोस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दरेषेच्या दोन्ही बाजूंची घरे ताडून पाहिली. परिसर तोच, रस्ता तोच. तरीही परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असलेल्या शाळेकडील घरासाठी पालक सुमारे अडीच टक्के अधिक किंमत देत होते.

परंतु ही किंमत नेमकी कशाची, हा प्रश्न उरतोच. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. विद्यार्थ्याच्या यशावर इमारत वा खर्च यांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रभाव अधिक असतो आणि सहाध्यायांचा सहवासही महत्त्वाचा ठरतो, असा तिचा निष्कर्ष होता. तो स्वीकारल्यास शाळेच्या सरासरी गुणांत मोठा वाटा तेथे आधीच राहणाऱ्या कुटुंबांच्या सुस्थितीचा ठरतो. २००२ साली अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने शाळानिहाय गुणांची प्रसिद्धी सर्वत्र अनिवार्य केली. हेतू दुर्बळ शाळांना उत्तरदायी धरण्याचा होता. परिणामी घर शोधणाऱ्या सधन कुटुंबाच्या हाती मात्र नेमकी यादी आली.

ज्यांना घर परवडत नाही त्यांच्यासाठी या व्यवस्थेचा दंड कसा असतो, हे २०११ साली ओहायोमधील अ‍ॅक्रन येथे दिसले. वडिलांचा पत्ता देऊन मुलींना शेजारच्या जिल्ह्यातील शाळेत पाठविल्याबद्दल एका कृष्णवर्णीय आईला काही दिवस कारावास भोगावा लागला. विनामूल्य शाळेत ‘चोरून’ शिकण्याचा गुन्हा घडू शकतो, यातच त्या विनामूल्यतेचे खरे मूल्य उघड होते.

५. स्थलांतरित मराठी कुटुंबे

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय डॉक्टर व अभियंते, आणि १९९० नंतर संगणक-व्यावसायिक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. त्यांत मराठी कुटुंबांचा वाटा लक्षणीय होता. न्यू जर्सीतील एडिसन, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट व क्युपर्टिनो येथे भारतीय वस्ती वाढण्यामागे नोकरीप्रमाणेच हायस्कूलची कीर्तीही होती. परीक्षेतील गुणांवर भिस्त ठेवून वाढलेल्या या पिढीस शाळेचा क्रमांक पाहून घर घेणे स्वाभाविक वाटले. प्रसंगी लहान सदनिका भाड्याने घेऊनही हद्दीचा पत्ता मिळविला गेला. फ्रीमाँटमध्ये २००० साली मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीत बदल झाला, तेव्हा वगळल्या गेलेल्या आशियाई कुटुंबांनी त्यास तीव्र विरोध केला. न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो जिल्ह्यात २०१५ साली विद्यार्थ्यांवरील ताणाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि हायस्कूलमधील सहामाही व अंतिम परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा पालकांत उघड दुफळी पडली. कीर्तीची किंमत घराच्या हप्त्यांतच संपत नाही, ती मुलांनाही फेडावी लागते, याची ही जाणीव होती.

येथे एक ऐतिहासिक ऋण विसरता येत नाही. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात भारतीयांना ‘श्वेतवर्णीय’ मानण्यास नकार देऊन नागरिकत्वाचे दार बंद केले होते. ते १९४६ साली मर्यादित प्रमाणात उघडले. आज भारतीय कुटुंबास ज्या उपनगरांत घर घेता येते, ती कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याने घडविलेल्या कायद्यांमुळे खुली झाली. त्या लढ्याने ज्या हद्दी पुरत्या मोडल्या गेल्या नाहीत, त्यांचाच लाभ हे नवे रहिवासी घेतात, हा त्यातील विरोधाभास होय. लक्षणीय बाब ही की, याच कुटुंबांच्या मुलांची मराठी शाळा आठवड्याच्या सुटीत, पालकांच्या स्वयंसेवी श्रमावर चालते. एक शाळा पत्त्याने मिळते, दुसरी श्रमाने उभी राहते.

६. समारोप

भारतात कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसर-शाळेची कल्पना मांडली, ती सर्व थरांतील मुले एकत्र शिकावीत या हेतूने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही घरापासूनच्या अंतरास कायदेशीर महत्त्व दिले. अमेरिकेचा अनुभव या संदर्भात मार्गदर्शक आहे. परिसर संमिश्र असेल तरच परिसर-शाळा समतेचे साधन ठरते; परिसरच जात, वर्ग वा वर्ण यांनी विभागलेला असेल, तर तीच शाळा विभाजनाची राखणदार होते. एखादे कुटुंब मुलाच्या हितासाठी चांगल्या शाळेजवळ घर घेते, यात दोषास्पद असे काही नाही. दोष आहे तो चांगली शाळा मोजक्याच पत्त्यांवर उपलब्ध असण्यात. शाळेच्या कीर्तीचा विचार करताना तेथील गुणांइतकेच, त्या हद्दीबाहेर कोण व कशामुळे राहिले, याचेही वाचन करणे इतिहासाच्या अभ्यासकास क्रमप्राप्त ठरते.