नेतृत्वातील बलस्थाने व व्यक्तिगत ब्रँड

नेतृत्व करताना एखाद्याच्या हातून जी कामे सातत्याने सरस होतात, ती हेरून त्यांच्या आधारे सार्वजनिक ओळख घडवण्याची प्रक्रिया. अमेरिकी लेखक टॉम पीटर्स यांच्या १९९७ मधील लेखाने ‘व्यक्तिगत ब्रँड’ ही कल्पना लोकप्रिय केली. पुढे तिचा अर्थ स्वतःची जाहिरात असा संकुचित झाला. वस्तुतः तिचा पाया कामाचा पुरावा हा आहे. स्वतःविषयीच्या मतावर फार विसंबता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डनिंग व क्रूगर यांच्या १९९९ मधील प्रयोगांत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांनीच आपली कुवत सर्वाधिक फुगवून सांगितली होती. म्हणून व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सुचवलेला नोंदीचा मार्ग उपयोगी ठरतो : महत्त्वाचा निर्णय घेताना अपेक्षित फळ लिहून ठेवावे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष फळाशी ताडून पाहावे. मानसशास्त्रज्ञ लुफ्ट व इंगहॅम यांच्या ‘जोहारी खिडकी’त (१९५५) इतरांना दिसणाऱ्या, पण स्वतःला न दिसणाऱ्या गुणदोषांसाठी वेगळा कप्पा आहे, त्यामुळे या नोंदीला सहकाऱ्यांच्या साक्षीची जोड लागते.

कामाच्या पुराव्यावर ओळख कशी घडते, हे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उदाहरणातून दिसते. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत असताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. मात्र रेखाटनावर त्यांचा हात पक्का होता. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, मुंबईतील व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. १९१० मध्ये त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी ही वसाहत वसली. लोखंडाने जमीन नासते, या समजापायी शेतकरी आधी नांगराला हात लावेनात. नांगर शेतात चालला, तेव्हा किर्लोस्कर या नावाची पत वाढली.

बलस्थानांवर भर दिला की उणिवा झाकल्या जातात, हा आक्षेप अंशतः खरा आहे. रंगज्ञानाची उणीव काम बदलून टाळता येते; सहकाऱ्यांचे न ऐकण्याची खोड मात्र कुठल्याही पदावर नडते. वाईट सवयी सुधारल्याच पाहिजेत, असे ड्रकर यांनीही बजावले आहे. आत्मप्रौढीचा दुसरा आक्षेप पुराव्याविना केलेल्या दाव्याला लागू पडतो. अबोल माणसाचे काम मात्र सांगितल्याशिवाय वरिष्ठांपर्यंत पोहोचतेच असे नाही. तेव्हा ज्याची पडताळणी इतरांना करता येते तेवढेच सांगणे, ही व्यक्तिगत ब्रँडची रास्त मर्यादा ठरते.