मौन मोडणारा कायदा

वाचकहो, एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, तर डॉक्टराने वा शिक्षकाने काय करावे? पूर्वी हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोपविलेले असे.

अमेरिकेत १९४६ साली डॉ. जॉन कॅफी यांना डोक्यात रक्तस्राव झालेल्या सहा तान्ह्या मुलांची हाडेही मोडलेली आढळली. दुखापतीचे कारण मात्र कोणीच सांगेना. पुढे १९६२ मध्ये डॉ. हेन्री केंप व सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांतून मारहाणीची ३०२ प्रकरणे उजेडात आणली. त्यांत ३३ बालके दगावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. आईबाप असे करतील, यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नसे! या लेखाने समाज हादरला आणि १९६७ पर्यंत तेथील सर्व राज्यांत खबर देणे कायद्याने बंधनकारक झाले.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बालकांवरील लैंगिक अपराधांपुरते हे कर्तव्य प्रत्येकावर टाकले. खबर न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड. हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट बजावले की, माहीत असून गप्प राहणे हा गंभीर गुन्हा आहे.

वाचकहो, पुरावा शोधणे पोलिसांचे काम. सद्‌हेतूने खबर देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. संस्थेची अब्रू मौनाने राखली जात नाही, मुलांच्या सुरक्षिततेने राखली जाते.